कुजबूज गप्प राहिली तो दिवस

“प्यालेला माणूस असा चालत नाही.”

हे वाक्य पडद्यानं म्हटलं. निदान शिडीला तसंच वाटलं. दुपारच्या सुट्टीत कॉलेजचा हॉल रिकामा असतो, म्हणून तो एकटाच रंगमंचावर झोकांड्या खात होता. दोन पावलं इकडे, तीन पावलं तिकडे, मग खांबाला मिठी... आणि अचानक विंगेतला तपकिरी पडदा त्याच्या चुका काढायला लागला.

त्यानं पडदा बाजूला केला. मागे एका डुगडुगत्या स्टुलावर एक मुलगी बसली होती. मांडीवर डबा, हातात घास, आणि चोरी करताना सापडल्यासारखा चेहरा.

“मग कसा चालतो?” त्यानं विचारलं.

तिनं आधी घास गिळला. “सरळ,” ती म्हणाली. “अगदी सरळ. त्याला पडायचं नसतं ना... त्याला घरी जायचं असतं, आणि कुणाला कळू द्यायचं नसतं.”

शिडी तिच्याकडे बघत राहिला. शिडी हे त्याचं कॉलेजातलं नाव. स्टूल न घेता फलक टांगणारा सगळ्या वर्गात तो एकटाच, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. तो खाली फरशीवर बसला तेव्हा त्याचे गुडघे जवळजवळ कानापर्यंत आले.

“हा पडदा रोज इथंच जेवतो का?”

“रोज.”

“एकटाच?”

“पडद्याला कोण बोलावणार?” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर दचकली. कारण बऱ्याच दिवसांत ती कुणाशी थट्टेत बोलली नव्हती. काही दिवस तर असे जायचे की सकाळी वर्गात ‘हजर’ म्हटलं, त्यानंतर रात्री झोपेपर्यंत तोंडातून शब्द म्हणून निघाला नाही.

कॅन्टीनमध्ये प्रत्येक टेबलाचा आपापला घोळका होता. पहिले आठ दिवस ती डबा हातात घेऊन कुणाला तरी शोधत असल्यासारखी उभी राहायची. पण जो माणूस नाहीच, त्याला शोधायचं सोंग फार दमवतं. मग तिला हा पडदा सापडला. चार महिने ती त्याच्याआड जेवत होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

दुसऱ्याच दिवशी शिडीनं तिला बाईंसमोर उभं केलं. बाई भाषा शिकवायच्या. मागच्या वर्षी वसतिगृहातल्या एका मुलाला पिऊन बेशुद्ध पडलेल्या अवस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तो वाचला, पण कॉलेजात परत आला नाही. तेव्हापासून दर मजल्यावर दारूबंदीची सूचना लागली होती, आणि सूचनेवर मुलांनी मिशा काढून ठेवल्या होत्या. म्हणून बाईंनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी अर्ध्या तासाचं नाटक लिहायला घेतलं. त्यात दारुड्याचं काम शिडीकडं होतं. तो आला की तालमीतली पोरं पोट धरून हसायची, आणि बाईंचं तेच दुखणं होतं. हसून झाल्यावर पोरं प्यायलाच जातील, असं त्या म्हणायच्या.

बाईंनी मुलीचं म्हणणं ऐकलं, चष्म्यावरून एकदा तिला न्याहाळलं आणि संहिता तिच्या हातात दिली. काम प्रॉम्प्टरचं. विंगेत बसायचं, नट अडला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. ह्या कामात ती इतकी तरबेज निघाली की आठवड्याभरात सगळे तिला कुजबूज म्हणायला लागले. नट अडायच्या आधीच तिला कळायचं. श्वास अडखळला की पुढं शब्द अडखळणार, हे तिनं हेरलं होतं. शब्द असा पोचायचा की नटाला वाटावं, आपल्यालाच आठवला.

शिडीला तिनं चालायला शिकवलं. रंगमंचावर खडूची रेघ मारली आणि सांगितलं, हातात काठोकाठ भरलेली बादली आहे असं समज, आणि रेघेवरून जा. सांडलं तर घरात बोलणी बसणार आहेत. तो चालला. एक एक पाऊल मोजून, मान ताठ, ओठ मिटलेले. रेघेच्या टोकाला पोचला तेव्हा हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. बाईंनी चष्मा काढून पुसला.

हॉलपासून मुलींच्या वसतिगृहापर्यंतचा रस्ता सात मिनिटांचा. तालीम संपली की त्या दोघांना तो चाळीस मिनिटांचा पडायचा. त्या दिवसांत संध्याकाळी पावसाची भुरभुर असायची. छत्री एकच, आणि ती त्याच्या हातात. म्हणजे छत्री त्याच्या उंचीवर आणि पाऊस तिच्या खांद्यावर.

“तू छत्री धरतोस की झेंडा?” तिनं एकदा विचारलं.

“तू अजून थोडी जवळ आलीस तर छत्री होईल.”

ती थोडी जवळ आली. त्याच्या शर्टाची ओली बाही तिच्या दंडाला मधूनमधून लागत होती... आणि ती बाजूला होत नव्हती.

त्याच रस्त्यावर त्यानं विचारलं की प्यालेल्या माणसाची चाल तुला इतकी कशी माहीत. तिनं काकाचं सांगितलं. काका शिंपी होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन. हात असा की टेप न लावता नुसत्या नजरेनं माप घ्यायचा. मग दारू लागली. सकाळी हात थरथरायचे, सुईत दोरा जायचा नाही. तेव्हा नऊ वर्षांची पुतणी शाळेला जायच्या आधी दहा सुया ओवून खिडकीच्या पडद्याला टोचून ठेवायची. पाच पांढऱ्या दोऱ्याच्या, पाच काळ्या. गिऱ्हाईक आलं की दारात जाऊन सांगायची, काकाला ताप आहे, काका बाहेर गेलाय, काका परवा नक्की देणार आहे. सगळं घर तिचं कौतुक करायचं. पोरगी आहे म्हणून त्याचं चाललंय, म्हणायचे. ती दहावीत असताना काका गेला. पडद्याला त्या दिवशीच्या सात सुया तशाच होत्या.

तिनं हे सगळं गमतीत सांगितल्यासारखं सांगितलं. तो हसला नाही. दिव्याच्या खांबाखाली थांबून त्यानं तिचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून बघितली.

“टोचायच्या?”

“सवय होते,” ती म्हणाली.

शिडीला आईवडील नव्हते. ताई होती. पावाच्या कारखान्यात पाव बांधायचं काम करून तिनं त्याला इथवर आणलं होतं. दर रविवारी तो तिला फोन करायचा. एकदा त्याचा फोन बंद पडला म्हणून कुजबूजच्या फोनवरून केला. तेव्हापासून ताईकडे तिचा नंबर होता, आणि ताई तिला “काय गं, आमचा खांब कसा आहे?” असं विचारायची.

आता चूक कुठं झाली ते सांगायला हवं. ती फार लहान होती, आणि प्रेमानं केलेली होती.

“चालणं जमलंय,” एका तालमीनंतर कुजबूज त्याला म्हणाली. “पण डोळे अजून शुद्धीवर आहेत.”

“डोळ्यांना कसं शिकवायचं?”

“ते मला नाही सांगता येत.”

“तुझ्याकडं बघताना असतात, तसे चालतील?”

“ते नकोत,” ती म्हणाली आणि संहितेत तोंड लपवलं. “ते फार आनंदी असतात.”

पुढच्या आठवड्यात त्याचे डोळे बरोबर झाले. जरा ओले, जरा उशिरा वळणारे. बाईंनी टाळ्या वाजवल्या. कुजबूजला वाटलं, आपण शिकवलेलं फळाला आलं. मग त्यानंच हसत हसत तिला सांगितलं की त्याच्या खोलीतली मुलं शनिवारी बसतात, तर तोही बसला. एकच ग्लास. अभ्यास म्हणून. नेमकं काय होतं ते आतून बघायला. नाटकवाल्याला एवढं तरी करावंच लागतं, नाही का? ती पण हसली. त्या हसण्याचा तिला पुढं फार त्रास झाला.

शनिवारचा बुधवार झाला. मग तालमीच्या आधी घोटभर, कारण त्यानं छातीतली धडधड थांबते म्हणे. बोलणं तेच, थट्टा तीच. तोंडात पेपरमिंटची गोळी. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण एका संध्याकाळी तो वसतिगृहाच्या रस्त्यावर तिच्यापुढं चार पावलं चालत होता, आणि ती जागीच थांबली. रस्त्यावर कुठंही खडूची रेघ नव्हती, आणि शिडी सरळ चालत होता.

तिनं त्याला विनवलं. रागावली. दोन दिवस बोलली नाही. प्रत्येक वेळी तो म्हणाला, नाटक होईपर्यंतच गं. एकदा प्रयोग झाला की हात लावणार नाही. असं म्हणताना तो तिच्या डोळ्यांत बघायचा आणि त्याचा त्याच्या बोलण्यावर खरंच विश्वास असायचा. तेच तर वाईट होतं.

तो तालमीला आला नाही की बाई विचारायच्या, आणि कुजबूजकडं शब्द तयार असायचा. त्याला ताप आहे. वही द्यायची तारीख चुकली की ती सरांना सांगायची, माझ्याकडं राहिली, मीच विसरले. मग रात्र जागून त्याची वही पुरी करायची. ताईचा फोन आला की, तो वाचनालयात आहे ताई, तिथं फोन उचलू देत नाहीत. कुणाचा श्वास अडखळला की पुढचा शब्द हिच्या ओठांवर हजर. हे तर तिचं कामच होतं.

आणि खरं सांगायचं तर तिला त्याच्या दारूची भीती होती त्याहून जास्त त्या स्टुलाची होती. बाईंना कळलं तर त्याला नाटकातून काढतील. तो तिचं तोंड बघणार नाही. मग छत्री संपली, चाळीस मिनिटं संपली, आणि उरलेली सगळी वर्षं पडद्यामागं डबा घेऊन बसायचं. दोन माणसांचं जेवण एकदा अंगवळणी पडलं की एकट्याचा घास घशाखाली उतरत नाही.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. मागं कारखान्यातली यंत्रं धडधडत होती. दोन रविवार त्याचा फोन नाही, त्याची तब्येत बरी आहे ना, असं ती विचारत होती. कुजबूजनं ताप सांगितला. थोडासाच, उतरतोय, मी बघतेय. पलीकडून सुटकेचा मोठा श्वास ऐकू आला.

“तू आहेस म्हणून चाललंय गं त्याचं,” ताई म्हणाली. “नाहीतर मला इथं झोप लागली नसती.”

फोन ठेवल्यावर कुजबूज खाटेवर बसली ती बसलीच. खोलीतल्या दुसऱ्या मुली आंघोळीला, वर्गाला निघून गेल्या. हेच वाक्य. जवळजवळ ह्याच शब्दांत तिनं ते लहानपणी ऐकलं होतं, आणि ऐकून तिची मान ताठ व्हायची. आज पहिल्यांदाच तिनं ते उलटं करून बघितलं. ती होती म्हणून काकाचं चाललं. शिलाई वेळेवर जात राहिली, गिऱ्हाईक येत राहिलं, घरात कुणी कुणाला काही विचारलं नाही, आणि काका रोज संध्याकाळी बाहेर जात राहिला. एखाद्या सकाळी पडद्याला एकही सुई नसती, तर निदान त्या दिवशी तरी घरात सगळ्यांना त्याच्या हातांकडे बघावं लागलं असतं.

तिला रडू आलं नाही. खूप थंडी वाजल्यासारखं झालं.

प्रयोग दुसऱ्या दिवशी दुपारी होता. पहिल्या वर्षाची तीनशे मुलं हॉलमध्ये गोंगाट करत होती. पडद्यामागं नट कपडे चढवत होते. शिडी सगळ्यांत शेवटी आला. मागच्या दारापासून विंगेपर्यंत लाकडी फळ्यांवरून तो आला तो एकसुद्धा पाय इकडं तिकडं न टाकता. मान ताठ. ओठ मिटलेले. गोळीचा वास त्याच्या पुढं दोन हात चालत होता.

बाई कुणाच्या तरी चेहऱ्याला रंग लावत होत्या. त्यांनी वळून बघितलं.

“उशीर का रे? बरा आहेस ना?”

शिडीनं उत्तर दिलं नाही. त्यानं सवयीनं कुजबूजकडं बघितलं.

तिच्या ओठांवर शब्द होता. ताप. दोन अक्षरं. पुढचं सगळं सुरळीत झालं असतं. दिवे लागले असते, तो रेघेवरून चालला असता, मुलं गप्प झाली असती, टाळ्या पडल्या असत्या. संध्याकाळी छत्री असती. तिनं संहिता छातीशी धरली आणि त्याच्याकडं बघत राहिली. त्याचा श्वास अडखळला. तिला तो ऐकू आला. बाईंच्या हातातला रंगाचा ब्रश तसाच थांबला.

“सांग ना,” शिडी हळूच म्हणाला. बाईंना नाही, तिला.

ती गप्प राहिली. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं. गळ्यात शब्द टोचत होता आणि ती गप्प होती. बाहेर तीनशे मुलं बाकं वाजवत होती.

“मी...” शिडी म्हणाला. मग त्याचे खांदे खाली आले, आणि तो खरोखर होता तेवढा दमलेला दिसला. “मी पिऊन आलोय, बाई.”

बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी हाताला धरून कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, बाहेर मुलांना मी काय सांगू? तो जमिनीकडं बघत म्हणाला, आहे तेच सांगा, फक्त नाव घेऊ नका. मग बाई पडदा सारून पुढं गेल्या. त्यांनी सांगितलं की आज ज्यानं दारुड्याचं काम करायचं तो मुलगा पिऊन आला आहे, तो चांगला मुलगा आहे, आणि म्हणून आज नाटक होणार नाही. तुम्हाला काय विचारायचं ते विचारा.

पहिल्यांदा कुणी तरी खिदळलं आणि एकटंच पडलं. मग मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं की आपल्या मित्राला दारू लागलीय, हे कळतं कसं.

उत्तर विंगेतून आलं, आणि ह्या वेळी ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“तुम्ही त्याच्यासाठी खोटं बोलायला लागता,” कुजबूज म्हणाली. “सगळ्यांत आधी ते कळतं.”

ती आत वळली तेव्हा शिडी पेटाऱ्यावर तसाच बसला होता. त्यानं ऐकलं होतं. 

“एक शब्द बोलायचा होता तुला,” तो म्हणाला. “एकच.”

“रोज तोच तर बोलत होते.”

“मग आज काय झालं?”

“आज तू मला हवा होतास,” ती म्हणाली. “नाटकातला नको होता.”

त्यानं तोंड फिरवलं. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

कॉलेजच्या समुपदेशक बाई त्याच्याशी दोन तास दार लावून बोलल्या. त्याला कॉलेजातून काढलं नाही. ताईच्या गावात दारू सोडवण्याचं एक केंद्र होतं. कॉलेजचं एक सत्र तिकडं काढायचं, मग परत वर्गात यायचं, असं ठरलं. दुसऱ्या सकाळी ताई रात्रपाळी संपवून तशीच आली. हातांना, केसांना भाजलेल्या पावाचा वास. कुजबूज फाटकाशी उभी होती. बोलणी खायची तयारी ठेवून. ताई तिला एक शब्दही लागेल असं बोलली नाही.

“मी ताप उतरायची वाट बघत होते गं,” एवढंच ती म्हणाली.

दोघं गाडीत चढली. शिडीनं खिडकीतून बाहेर बघितलं नाही. त्याच्यापेक्षा जास्त वेळ कुजबूजला खिडकीतली ताई आठवत राहिली. तिच्या मांडीवर भावाची पिशवी होती, आणि तिनं ती तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी धरली होती.

मग दिवस नुसते गेले. पाऊस संपला, छत्री खाटेखाली गेली. कुजबूज पडद्यामागं जेवायला गेली नाही. कॅन्टीनमध्ये कोपऱ्यात एकटीच बसायची, पण उघड्यावर बसायची. कुणी बघितलं तर बघू दे. वर्गात ‘हजर’ म्हणायची. रविवारी फोनकडं बघू नये म्हणून कपडे धुवायची, आणि धुतलेलेच पुन्हा धुवायची. आपण बरोबर केलं, असं तिला दिवसा वाटायचं. बरोबर केल्यानं काही सोबत मिळत नाही, हे तिला संध्याकाळी कळायचं.

तीन महिन्यांनी ताईचा फोन आला. रविवारी केंद्रात घरच्यांना भेटू देतात, तर ये, असं ती म्हणाली. त्यानं बोलावलंय का, हे विचारायचा कुजबूजला धीर झाला नाही. ती गाडीत बसून गेली.

केंद्र म्हणजे एक साधी बैठी इमारत. बाहेर लांब बाक. आत सगळे गोल बसून बोलत होते, बाहेर त्यांची माणसं वाट बघत होती. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाचा म्हातारा बाप. सगळ्यांची नजर एकाच दाराकडं होती. ताईनं सरकून जागा दिली.

तो बाहेर आला तेव्हा बारीक झाला होता आणि त्यामुळं आणखी लांब दिसत होता. अंगणातल्या नळापाशी दोघं उभी राहिली. नळ ठिबकत होता. तिनं तो घट्ट केला. तो पुन्हा ठिबकला.

“खूप राग होता तुझा,” तो म्हणाला.

“आणि आता?”

“आता थोडा आहे. बाकीचा माझ्या वाटणीला आला.” तो जरासा हसला. मग म्हणाला की इथं उद्याची शपथ घेऊ देत नाहीत. आयुष्यभर पिणार नाही वगैरे कुणी म्हणालं की थांबवतात. फक्त आजचं बोलायचं. “म्हणून मी आजच्यापुरतं सांगतो... आज तू मला आवडतेस. उद्याचं मला माहीत नाही.”

“असं कोणी प्रेम सांगतं का?” ती म्हणाली.

“शिडी आहे मी. एकेक पायरीच येते मला.”

“मग उद्याचं उद्या सांग,” ती म्हणाली. “फोन करून.”

त्यानं केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्गाच्या आधी. “आज पण,” एवढंच म्हणून ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी. मग केंद्रातून सुटून तो ताईच्या घरी राहायला आला, तरी फोन चुकला नाही. कधी “आज पण,” कधी “आज जास्त,” एकदा “आज ताईशी भांडलो, तरी पण.” ती वसतिगृहाच्या जिन्यात बसून तो फोन घ्यायची. उरलेला दिवस होता तसाच होता, एकटा आणि लांबलचक. पण त्याला आता सकाळ होती.

एके दिवशी फोन आला नाही.

दिवसभर आला नाही. तिनं फोन वर्गात नेला, नळावर नेला, उशाला घेतला. स्वतःहून करावा असं शंभरदा वाटलं. केला नाही. विचारलं तर तो काय सांगेल, ह्याची भीती होती.

दुसऱ्या दिवशी नऊला फोन वाजला. ती जिन्यात बसली. पलीकडून अडखळता श्वास आला. ती थांबली. 

“काल प्यालो,” शिडी म्हणाला. “म्हणून फोन केला नाही. त्या तोंडानं ते वाक्य बोलायचं नव्हतं.”

तिनं कठडा धरला. असू दे, असं ती म्हणाली नाही. रडलीही नाही. ताईला माहीत आहे का, एवढंच विचारलं. सकाळीच सांगितलं, तो म्हणाला. ताई कामावर गेली नाही, त्याच्याबरोबर केंद्रात यायला निघालीय. बाहेर चपला घालून उभी आहे.

“आणि आज?” कुजबूजनं विचारलं. तिला तिचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“आज अजून नऊच वाजलेत,” तो म्हणाला. “पण... नऊपर्यंत तरी आवडतेस.”

जिन्यातून मुली धडधडत खाली उतरत होत्या, तिला ओलांडून जात होत्या. तिनं पाय जवळ घेतले.

“मला पण,” ती म्हणाली. “नऊपर्यंत.”

त्यानं फोन ठेवला. ताईनं हाक मारली असणार. कुजबूज तिथंच बसून राहिली. वर्गाची घंटा झाली, जिना रिकामा झाला, खालच्या नळाचं पाणीही बंद झालं. घड्याळाचा काटा काही केल्या पुढं सरकत नव्हता. मोठा काटा फिरून बारावर आला, तशी तिनं फोन घेतला आणि पहिल्यांदाच स्वतःहून त्याला लावला.

“दहा वाजले,” ती म्हणाली.